वसंत, स्पॅनिश आणि बालवाडीतली मुलं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या बालवाड्यांमध्ये मार्च उजाडला की स्पॅनिशच्या वर्गात ‘प्रिमावेरा’ची, म्हणजे वसंताची, धांदल सुरू होते. भिंतीवर कागदी फुलपाखरं चढतात, खिडकीत रोपांचे पेले रांगेने बसतात. त्या देशात चार कोटींहून जास्त माणसं घरी स्पॅनिश बोलतात. त्यामुळे न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतली मुलंही तिसऱ्या-चौथ्या वर्षी अशा वर्गात जाऊन बसतात. पुण्या-मुंबईतही लहानग्यांना हौसेने स्पॅनिश शिकवणारे पालक भेटतात.

या वयाला वसंत हा विषय फार चांगला आहे. वसंतात गोष्टी मुलाच्या डोळ्यांदेखत बदलतात. दाण्याला मूळ फुटतं, सुरवंटाचं फुलपाखरू होतं, आणि तेच वाक्य रोज नव्या कारणाने म्हणता येतं. लहान मुलाला भाषा लागते ती अशाच पुनरावृत्तीतून. पण या विषयाभोवती काही समज असे घट्ट बसले आहेत की वर्ग देखणा होतो आणि भाषा मात्र कोरडीच राहते. ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १: फूल, पान, पक्षी, पाऊस यांचे वीस शब्द पाठ झाले की स्पॅनिश आलं.

वस्तुस्थिती: चित्रांची कार्डं दाखवून घोकून घेतलेले शब्द मूल त्या कार्डापुरतेच म्हणतं. बागेत खरं फूल दिसलं की त्याच्या तोंडून ‘फ्लोर’ येत नाही, कारण तो शब्द त्याने कधी कामाला लावलेलाच नसतो. वीस शब्दांऐवजी सहा छोटी वाक्यं निवडा आणि ती तीन आठवडे वापरा.

मेक्सिकोतल्या शाळांमधला एक जुना, आवडता प्रयोग घ्या. पारदर्शक पेल्यात ओला कापूस, आणि कापूस व काचेच्या मध्ये रात्रभर भिजवलेला ‘फ्रिखोल’, म्हणजे राजम्याच्या जातीचा दाणा. पहिल्या दिवशी बाई पेला उचलून म्हणतात, “मीरा!” (बघ!). मग कापसाला बोट लावून, चेहरा पाडून, “तिएने सेद” (त्याला तहान लागलीय). वाटी हातात देऊन, “आग्वा?” मूल मान हलवतं किंवा “सी” म्हणतं आणि पाणी घालतं. “मास आग्वा?” (अजून पाणी?) असं विचारलं की कोणीतरी हमखास “नो!” ओरडतं. दोन-चार दिवसांत मूळ डोकावतं, तेव्हा बाई पुन्हा “मीरा!” म्हणतात आणि त्या दिवशीचं नवं वाक्य देतात, “क्रेसे” (वाढतंय). पुढे हिरवं पान बाहेर आलं की ‘ओखा’ आणि ‘वेर्दे’ हे शब्द आपोआप गरजेचे होतात. नवीन शब्द रोज एखादाच येतो, बाकी सगळी उजळणी. तरीही मुलाला ती उजळणी वाटत नाही, कारण पेल्यातलं दृश्य रोज नवं असतं.

एक काळजी मात्र घ्यायची. कच्चा राजमा पोटात गेला तर बाधतो आणि सुटे दाणे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. दाणे मोठ्यांनीच मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत.

गैरसमज २: मुलं टीपकागदासारखी असतात, स्पॅनिश कार्टून लावून दिलं की पुरे.

वस्तुस्थिती: सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत मँडरिन चिनी ऐकवण्यात आली. ज्यांच्याशी प्रत्यक्ष माणूस खेळला-बोलला, त्या बाळांना चिनीतले परके ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. ज्यांनी त्याच व्यक्तींना पडद्यावर पाहिलं किंवा नुसतं ऐकलं, त्यांच्यात काहीच फरक पडला नाही.

याचा अर्थ पडदा सर्वस्वी निरुपयोगी असा नाही. दोन-अडीच वर्षांच्या मुलांवरच्या २०१४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की व्हिडिओ कॉलवरची व्यक्ती मुलाला खरोखर प्रतिसाद देत असेल, तर मूल नवा शब्द शिकतं. आधीच रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीवरून मात्र शिकत नाही. म्हणजे शिकण्यासाठी समोरून उत्तर देणारं कोणी तरी लागतं. बागेतल्या मधमाशीचं कार्टून दाखवायचंच असेल तर शेजारी बसा, मध्येच थांबवा, ‘आबेखा’कडे बोट दाखवा, हात पंखांसारखे हलवून “ब्वेला!” (उडते!) म्हणा आणि मुलालाही उडू द्या.

गैरसमज ३: दोन महिने झाले तरी मूल बोलत नाही, म्हणजे ते काही शिकत नाही.

वस्तुस्थिती: नवी भाषा कानावर पडू लागल्यावर अनेक मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. या काळात ती ऐकत असतात, अंदाज बांधत असतात. सगळ्यांसमोर उभं करून “म्हण, मारिपोसा (फुलपाखरू) म्हण” असा आग्रह धरला, तर गप्प मूल अधिकच मिटतं.

समजलंय की नाही हे कळायला तोंडी उत्तर लागत नाही. सॅन होजे इथले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत याच विचारावर उभी आहे: शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि शिकणाऱ्याने ती शरीराने पाळायची. वसंतासाठी हा खेळ फार सोपा आहे. “सेमिया” (बी) म्हटलं की मुलं जमिनीवर अंग आवळून बसतात. “युविया” (पाऊस) म्हटलं की बाई बोटांनी त्यांच्या पाठीवर टपटप करतात. “सोल” (सूर्य) म्हटलं की डोकी वर येतात, “क्रेसे, क्रेसे” म्हटलं की सगळी हळूहळू उठतात आणि “फ्लोर!” म्हटल्यावर हात फाकवून उभी राहतात. चार दिवसांनी बाईंनी हातवारे न करता नुसतं बोलून पाहावं. मूल बरोबर वेळी उठलं तर भाषा आत पोहोचली आहे. आणखी काही दिवसांनी एखादं गप्प मूलच बाईंच्या जागी उभं राहून हुकूम सोडू लागतं.

गैरसमज ४: घरात मराठी, बाहेर इंग्रजी, त्यात स्पॅनिश, मुलाचा गोंधळ होईल. निदान मराठी तरी बंद करावी.

वस्तुस्थिती: या समजाने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. एकाच वाक्यात दोन भाषांचे शब्द येणं हे गोंधळाचं लक्षण नाही. बहुभाषक मोठी माणसंही दिवसभर तेच करतात. लहान मुलं कोणाशी कोणती भाषा बोलायची हे फार लवकर ओळखतात. एका भाषेतले शब्द मोजले तर दोन भाषांत वाढणारं मूल कधी थोडं मागे दिसतं, पण सगळ्या भाषांचे शब्द एकत्र धरले तर सहसा तसं राहत नाही. पील आणि लँबर्ट यांनी मॉंट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासाने १९६२ सालीच ‘दोन भाषांनी बुद्धी मंदावते’ या जुन्या धारणेला मोठा धक्का दिला होता.

भाषा टिकते ती कानावर किती पडते आणि किती वापरली जाते यावर. टेक्सासमधल्या मराठी मुलाला इंग्रजी आणि स्पॅनिश रस्त्यावर मिळेल. मराठी फक्त घरातच मिळणार आहे. ती काढून घेतली तर आजी-आजोबांशी बोलायचा रस्ताच तुटतो, आणि त्याने स्पॅनिश काही वाढत नाही. उलट मराठीचा उपयोगच होतो. स्पॅनिशमधले त, द आणि हवा न सोडता म्हणायचे प, क मराठी मुलाच्या जिभेवर आधीच आहेत. नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलणंही त्याला नवं नाही. ‘पिवळा आंबा, पिवळी पपई’ ते रोज म्हणतं.

गैरसमज ५: चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्त करावी, नाहीतर ती पक्की होते.

वस्तुस्थिती: लाल फूल दाखवत मूल “फ्लोर रोखो” म्हणालं तर “चूक! रोखा म्हण” असं सांगण्यापेक्षा बाईंनी आनंदाने म्हणावं, “सी, ऊना फ्लोर रोखा!” मुलाला बरोबर रूप ऐकायला मिळतं आणि बोलणंही थांबत नाही. आपणही मराठी शिकणाऱ्या बाळाशी असंच वागतो.

उच्चाराचंही तेच. स्पॅनिशमधला जिभेचं टोक थरथरवून म्हणायचा ‘र्र’ स्पॅनिशभाषक मुलांनाही बहुतेक ध्वनींनंतर, पाच-सहा वर्षांच्या सुमारास नीट जमतो. चार वर्षांच्या मुलाकडून ‘त्येर्रा’ (माती) घोटून घेण्यात अर्थ नाही. हात मातीत असताना तो शब्द कानावर पडू द्या.

गैरसमज ६: कलाकृती जितकी सुंदर, तितकं शिक्षण जास्त.

वस्तुस्थिती: कागदी ताटलीचं फुलपाखरू करताना मुलं वीस मिनिटं मुकाट्याने चिकटवत बसली आणि बाई इंग्रजीतून सूचना देत राहिल्या, तर तो हस्तकलेचा तास झाला, स्पॅनिशचा नव्हे. इलाज साधा आहे: सामान मुलांच्या हाताशी ठेवू नका. रंग बाईंकडे, गोंद बाईंकडे. पिवळा हवा तर “आमारियो, पोर फावोर” (पिवळा, प्लीज) म्हणावं लागेल, गोंद हवा तर ‘पेगामेंतो’ मागावा लागेल. फुलपाखरू थोडं वेडंवाकडं होईल, पण प्रत्येक मूल दहा वेळा तरी बोलेल.

मेक्सिकोत आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ईस्टरच्या सुमारास होणारे ‘कास्कारोनेस’ यासाठी छान आहेत. आतला बलक काढून धुऊन वाळवलेली अंड्यांची टरफलं रंगवतात, आत कागदाचे रंगीत तुकडे भरतात आणि हसत-हसत एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. रंग, अंक, ‘आत-बाहेर’ आणि “रोम्पे!” (फोड!) हे सगळं एका खेळात येतं.

गैरसमज ७: स्पॅनिशभाषक जगात वसंत म्हणजे मार्च-एप्रिल.

वस्तुस्थिती: स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे आणि ते देश विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरले आहेत. जॅकरांडाची जांभळी झाडं मेक्सिको सिटीत मार्चमध्ये बहरतात, तर ब्युनोस आयरेसमध्ये नोव्हेंबरमध्ये. आणि दोन्ही ठिकाणी तो वसंतच असतो. अर्जेंटिनात २१ सप्टेंबरला वसंताचा आणि विद्यार्थ्यांचा दिवस एकत्र साजरा होतो, तरुण मुलं बागांमध्ये डबे घेऊन जमतात. कोलंबिया, इक्वाडोरमध्ये चार ऋतू नाहीतच. तिथे पावसाळा आणि कोरडे दिवस. सदा सुखद हवेमुळे कोलंबियातल्या मेडेयीनला तर ‘चिरवसंताचं शहर’ म्हणतात.

उत्सवही जागोजागी वेगळे. मेक्सिकोतल्या बालवाड्यांत २१ मार्चच्या आसपास मुलं फुलं, मधमाश्या, फुलपाखरं बनून मिरवणूक काढतात. स्पेनच्या वॅलेन्सियात १९ मार्चच्या रात्री फायास उत्सवातले प्रचंड पुतळे जाळले जातात. कॅटलोनियात २३ एप्रिलला गुलाब आणि पुस्तक भेट देतात. वर्गात कागदी गुलाब करून चित्रपुस्तकांची अदलाबदल करायला हा दिवस फार चांगला. मिचोआकानच्या डोंगरातल्या ओयामेल वृक्षांवर हिवाळा काढलेली मोनार्क फुलपाखरं मार्चमध्ये उत्तरेला निघतात. ते अभयारण्य २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्याच कुळातली प्लेन टायगर फुलपाखरं आपल्याकडे रुईवर अंडी घालतात. पुण्यातल्या मुलाला ‘ओरुगा’ म्हणजे सुरवंट दाखवायला रुईचं एक झुडूप पुरतं. त्यासाठी ट्युलिपची चित्रं आणि वितळणारा बर्फ कशाला हवा?

गैरसमज ८: पाच वर्षांच्या आत सुरुवात झाली नाही तर संधी गेली.

वस्तुस्थिती: नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांवर स्नो आणि हूफनागेल-ह्योले यांनी केलेल्या अभ्यासात (१९७८) सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं, तीन ते पाच वर्षांची सगळ्यांत मागे होती. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची तुलना केली, तेव्हाही तितक्याच तासांनंतर उशिरा सुरुवात केलेली मुलं पुढे आढळली. लहान वयाचा खरा फायदा दीर्घकाळात, आणि भाषा सतत कानावर पडत असेल तरच मिळतो. आठवड्याला अर्ध्या तासाच्या वर्गाने चार वर्षांचं मूल स्पॅनिश बोलू लागेल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

मग लहानपणी शिकवायचंच कशाला? या वयात मूल परक्या ध्वनींना बुजत नाही, आणि दुसऱ्या भाषेतही खेळता येतं, हसता येतं हा विश्वास त्याला मिळतो. पुढे दहाव्या वर्षी स्पॅनिश पुन्हा समोर आली तर तो विश्वास कामाला येतो.

म्हणून बालवाडी निवडताना भिंतीवरची सजावट पाहून थांबू नका. तासभर बसून बघा. शिक्षक मुलांशी स्पॅनिश किती वेळ बोलतात, मुलांना काही मागावं लागतं का, गप्प मुलाला वेळ दिला जातो का, कालचं वाक्य आज पुन्हा येतं का, एवढं तपासा. आणि घरी शिकवायचं असेल तर एक पेला, एक दाणा, सहा वाक्यं आणि रोजची पंधरा मिनिटं एवढ्यावर सुरुवात करा. ती पंधरा मिनिटं तुमची स्वतःची, अखंड असायला हवीत, कारण मुलाला स्पॅनिश देणार आहात ते तुम्हीच.