मोहाचे फूल परत आले. मडके परत आणायचे का?

‘‘डॉक्टरसाहेब, दुकानातली नाही घेत. घरचीच घेतो.’’ सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य अधूनमधून कानावर पडतेच. सांगणाऱ्याच्या आवाजात अपराधीपणा नसतो, उलट थोडी बढाईच असते. घरचे तूप, घरच्या कुरडया, घरचा भाजीपाला, तशी घरची दारू. घरचे म्हणजे शुद्ध, हा आपल्या सगळ्यांचाच विश्वास आहे.

या विश्वासामागे एक जुनी मागणीही आहे. मोहाच्या फुलांची घरगुती दारू हा गुन्हा ठरवू नका, आमचे पारंपरिक पेय आम्हाला परत द्या, असे राज्यातील आदिवासी भागांतून अनेक वर्षे म्हटले जाते. पाश्चात्त्य देशांत घरी बिअर बनवण्याचे साहित्य दुकानात मिळते. आवडीचे उत्पादन कंपनीने बंद केले, तर ग्राहक ते परत आणण्यासाठी कंपनीच्या मागे लागतात. आपल्याकडे बंद झालेली वस्तू कंपनीची नव्हती, ती झाडाखाली पडत होती, आणि ती बंद केली सरकारने. त्यामुळे इथली मागणी केवळ चवीची नाही, हक्काचीही आहे. तिला हसून उडवून लावणे बरोबर नाही, तसेच डोळे मिटून मान डोलावणेही बरोबर नाही. वैद्यकशास्त्र याबद्दल काय म्हणते, ते आज पाहू.

बंदी कशी आली?

मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. पहाटे झाडाखाली मांसल, गोड फुलांचा सडा पडतो. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. नंदुरबार, पालघर, मेळघाट, गडचिरोली या भागांत ही फुले भाकरीत, भाजीत, लाडवात जातात. टंचाईच्या दिवसांत त्यांनी अनेक घरांना तगवले आहे. त्यांचीच दारूही होते.

इंग्रजांनी १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा केला. दारू गाळणे ठेकेदारांच्या हाती गेले, ताडीच्या झाडांवर कर बसला. घरोघरची दारू ठेकेदाराच्या धंद्याच्या आड येत होती. म्हणून १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच बंधने आणली गेली. हेतू आरोग्याचा नव्हता, महसुलाचा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याचा हेतू वेगळा होता, पण मोहफुलांवरची बंधने राहिली. आजही महाराष्ट्रात विनापरवाना घरी दारू बनवणे गुन्हा आहे, मग ते मोहाचे मडके असो की शहरातल्या हौशी तरुणाने स्वयंपाकघरात लावलेली बिअर.

२०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील बंधने उठवली. म्हणजे फूल परत आले. आता प्रश्न उरला मडक्याचा.

आंबवणे वेगळे, गाळणे वेगळे

‘घरची’ या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी येतात. पहिली आंबवणे. साखरेच्या पाण्यात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव वाढतात, साखर खातात आणि अल्कोहोल व कर्बवायू सोडतात. ताडी, बिअर, झारखंडची हंडिया, हिमालयातील छांग ही सगळी आंबवलेली पेये. यात निसर्गानेच एक मर्यादा घालून ठेवली आहे. अल्कोहोल साधारण १२ ते १५ टक्क्यांपर्यंत चढले की यीस्ट स्वतःच त्यात मरते. घरगुती पेयात तर ते त्याच्या बरेच आधी थांबते. म्हणून ही पेये सौम्य राहतात.

दुसरी गोष्ट गाळणे, म्हणजे ऊर्ध्वपातन. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १००ला. आंबवलेला द्रव तापवून वाफ थंड केली की अल्कोहोल दाट होऊन हाती येते. यीस्टने घातलेली मर्यादा इथे मोडते. मोहाची दारू ही अशी गाळलेली असते. घरच्या मातीच्या मडक्यातून ती फार कडक निघत नसेलही, पण ती ताडी किंवा बिअरच्या जातीची नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बंदीने सौम्य पेयाचे नुकसान अधिक केले. आंबवलेले पेय जागा फार व्यापते, दोन दिवसांत आंबट होते, त्याचा वास सुटतो. ते लपवता येत नाही. गाळलेली दारू थोड्या जागेत मावते, टिकते आणि ट्यूबमध्ये भरून दुचाकीवरून नेता येते. कायद्याचा ससेमिरा लागला की धंदा कडक मालाकडे वळतो. आपल्या नगर जिल्ह्यात तर मोहाचीही गरज उरली नाही. साखर कारखान्यांचा हा जिल्हा, काळा गूळ इथे सहज मिळतो. गूळ आणि नवसागर घालून नदीकाठी, ओढ्याच्या आडोशाला हातभट्टी लागते. ‘कच्चे रसायन नष्ट केले’ ही पोलिसांच्या छाप्याची बातमी वाचकांच्या ओळखीची आहे. त्या रसायनाचा कोणाच्याही सणाशी किंवा देवकार्याशी संबंध नसतो.

विष कुठून येते?

घरच्या दारूने माणसे आंधळी होतात, मरतात, असे आपण ऐकतो. त्यामागचे विष म्हणजे मिथेनॉल. फुले, धान्य किंवा गूळ आंबवताना मिथेनॉल तयार झालेच तर अगदी थोडे होते. सामूहिक मृत्यू घडतात ते बहुधा कारखान्यात वापरायचे मिथेनॉल दारूत मिसळल्याने. रंग आणि रसायनांच्या उद्योगात ते लागते, स्वस्त असते, आणि वासाने ओळखू येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. आपल्याच नगर तालुक्यात पांगरमल येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या दिवसांतील जेवणावळीनंतर बनावट दारूने बळी घेतले. या दोन्ही ठिकाणी मारले ते घरच्या मडक्याने नाही, विकत किंवा फुकट वाटलेल्या बेकायदा मालाने.

म्हणून एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. मिथेनॉलची विषबाधा सुरुवातीला साध्या नशेसारखीच दिसते. खरी लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी येतात. डोके दुखते, उलट्या होतात, पोटात दुखते, श्वास जोरात चालतो, आणि नजर धूसर होते, धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणत झोपवून ठेवले तर हातातला वेळ जातो. शरीर मिथेनॉलचे रूपांतर फॉर्मिक आम्लात करते आणि ते आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर आघात करते. हे रूपांतर रोखणारी औषधे आणि डायलिसिस वेळेत मिळाले तर जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात. १०८ ला फोन करा. काय प्यायले, कुठे प्यायले ते डॉक्टरांना खरे सांगा. एकाच ठिकाणी प्यायलेल्या सगळ्यांना, ज्यांना अजून काही होत नाही त्यांनाही, रुग्णालयात आणा. दवाखान्यात आम्हाला गुन्हा शोधायचा नसतो, उपचार करायचा असतो.

भेसळ नसली तरी

इथे घरच्या दारूचे समर्थक म्हणतील, ‘‘म्हणजे आमची घरची निर्धोकच!’’ नाही. घरची दारू मिथेनॉलपासून बहुधा सुरक्षित असते, पण तिच्यातल्या अल्कोहोलपासून नसते. हेच अल्कोहोल महागड्या बाटलीतही असते.

हिशेब करून पाहा. ५ टक्के अल्कोहोल असलेली अर्धा लिटर ताडी घेतली तर पोटात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम असते. व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम. ‘बिअर म्हणजे जवाचे पाणी’ असे म्हणणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत. यकृताला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही, त्याला फक्त ग्रॅम कळतात. घरच्या दारूची आणखी एक अडचण आहे. तिच्यावर टक्के लिहिलेले नसतात. आजची धार कालच्यापेक्षा किती कडक, हे करणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. गाळण्यासाठी डाग दिलेली जुनी धातूची भांडी वापरली तर शिसे दारूत उतरण्याचा धोकाही असतो.

अल्कोहोलला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ पासून स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की आरोग्याला पूर्ण सुरक्षित अशी दारूची कोणतीही मात्रा नाही. मोहाचे फूल औषधी असेल, पण त्याची दारू औषध ठरत नाही. सर्दीला, बाळंतिणीला, अंगदुखीला ‘थोडी घरची’ देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. ती थांबायलाच हवी. गरोदर स्त्रीसाठी तर एक घोटही नको.

बायका काय म्हणतात?

हक्काची चर्चा करताना एक आवाज विसरता येत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती मागणाऱ्यांत आदिवासी स्त्रियाही होत्या. आपल्या जिल्ह्यात राळेगणसिद्धीने दारू हद्दपार केली, पारनेर तालुक्यातच निघोजच्या महिलांनी दुकाने बंद करण्यासाठी लढा दिला. ‘आडव्या बाटली’ला मत देणाऱ्या या बायकांना परंपरा कळत नाही असे नाही. सणाला देवापुढे ठेवलेला द्रोण आणि रोज संध्याकाळी रिकामा होणारा कॅन यांतला फरक त्यांना घरात राहून कळतो. दवाखान्यात यकृत सुजलेला नवरा घेऊन येणारी बाई मोहाची की गुळाची, हा वाद घालत नाही. तिला तो जगायला हवा असतो आणि त्याची मजुरी घरी यायला हवी असते.

केंद्र सरकारने १९७५ मध्ये आदिवासी भागांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हाच फरक ओळखला होता. आदिवासी भागात दारूचा व्यापार बंद करावा, मात्र धार्मिक-सामाजिक प्रसंगी घरच्यापुरते पारंपरिक पेय बनवू द्यावे, असा त्यांचा आशय होता. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातील आदिवासी गावांना तो लागू आहे.

मग काय परत मागावे?

एक डॉक्टर म्हणून माझे म्हणणे असे. देवकार्यापुरते मडके लावणाऱ्या म्हातारीला आरोपी करून कोणाचेही आरोग्य सुधारत नाही. तिथे निर्णय ग्रामसभेचा असावा आणि त्या ग्रामसभेत बायकांचे मत मोजले जावे. मात्र ‘परंपरे’च्या नावाने विक्री सुरू झाली, की ती परंपरा राहत नाही, भट्टी होते. घरच्या दारूची विक्री परत मागू नये.

फूल मात्र जरूर मागावे. लाडू, सरबत, मनुकांसारखी वाळवलेली फुले यांना बाजार मिळाला तर दारूपेक्षा प्रामाणिक पैसा घरात येईल. आणि आंबवलेले घरगुती पेयच हवे असेल, तर आपल्याकडे आंबील आहे. नाचणीला मोड आणून दळले की तिच्यातले पिष्टमय पदार्थ पचायला सोपे होतात. बिअरसाठी जवाला मोड आणतात त्यामागचे शास्त्र हेच. फरक पुढे पडतो. ताक घालून रात्रभर ठेवलेल्या आंबिलीत मुख्य काम यीस्टचे नसते, दह्यातल्या जिवाणूंचे असते. त्यातून आम्ल तयार होते, नशा नाही.

शेवटी, जे आज रोज पितात त्यांच्यासाठी. हे वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नका. बऱ्याच वर्षांची रोजची दारू अचानक तोडली तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात या. तिथे ‘बी-वन’ जीवनसत्त्व आणि इतर औषधे देऊन दारू सुरक्षितपणे सोडवता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. येताना घरच्या माणसाला सोबत आणा. आणि ‘घरचीच घेतो’ एवढ्यावर थांबू नका, रोज किती घेता तेही सांगा.