संग्राहकाची नजर : भाग ९
सोनेरी तबकडी वाजवू नये, वाचावी

मागच्या भागात ७८ आरपीएमच्या तबकड्यांची लेबले कशी ओळखायची ते पाहिले. आजचा विषय वाजवायच्या नव्हे, भिंतीवर टांगायच्या तबकड्यांचा. रेकॉर्ड भरपूर खपली म्हणून कलावंताला चौकटीत बसवून दिली जाते ती गोल्ड किंवा प्लॅटिनम डिस्क.

बडोद्याच्या संग्राहकाने आधी एक खूणगाठ बांधावी. आपल्या गावाचे ध्वनिमुद्रणाशी नाते जुने आहे. मौलाबक्ष घराण्यातले इनायत खाँ यांनी १९०९ मध्येच ग्रामोफोन कंपनीसाठी गायन केले होते. दरबारगवई उस्ताद फैयाज खाँ यांच्या तबकड्या तर घरोघरी वाजल्या. पण खाँसाहेबांची छायाचित्रे पाहा, शेरवानीवर दिसतात ती पदके. त्या काळी मान द्यायचा तो संस्थानिकाने आणि मैफलीने; तबकड्या किती खपल्या हा दुकानदार आणि कंपनी यांच्यातला हिशेब. खाँसाहेब १९५० मध्ये गेले. त्यांच्या नावाची १९४० सालची ‘गोल्ड डिस्क’ कोणी दाखवली, तर चहा घ्यावा आणि उठावे.

ही प्रथा अमेरिकेतली. फेब्रुवारी १९४२ मध्ये आरसीए व्हिक्टरने ग्लेन मिलरला ‘चॅटानूगा चू चू’च्या १२ लाख प्रती खपल्याबद्दल सोनेरी मुलामा दिलेली तबकडी भेट दिली. हेतू उघड होता : जाहिरात. तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने हिशेब तपासून प्रमाणित डिस्क देणे सुरू केले ते १९५८ मध्ये. ब्रिटनमध्ये १९५९ पासून हे काम ‘डिस्क’ नावाचे साप्ताहिक करी. कंपन्यांच्या संघटनेने ते १९७३ मध्ये हाती घेतले. आपल्याकडे ही पद्धत रुळली ती एलपीच्या काळात, आणि डिस्क देणारी बहुधा रेकॉर्ड कंपनीच असे. मराठी वाचकाला आठवेल ते नाव पंडित भीमसेन जोशींचे. त्यांना १९८६ मध्ये प्लॅटिनम डिस्क मिळाली. दरबाराची सद्दी संपल्यावर ख्यालगायकाला ग्राहकांनी दिलेली ही पावती.

आता वस्तूकडे वळू. नाव सोन्याचे असले तरी तिच्यात मोडीला घालण्याजोगे सोने नसते. साध्या रेकॉर्डवर किंवा कारखान्यातल्या धातूच्या साच्यावर चढवलेला तो पातळ मुलामा. गंमत म्हणजे आतली रेकॉर्ड पुष्कळदा भलतीच असते : लेबलवर एका बाजूला सहा गाणी, तबकडीवर पट्टे मोजावेत तर पाच. त्यामुळे पट्टे जुळले नाहीत एवढ्यावरून वस्तू खोटी ठरत नाही, आणि जुळले म्हणून खरीही ठरत नाही.

खरे मोल असते खालच्या छोट्या पाटीला. कोणाला दिली, कशाबद्दल, कोणी, कधी, हे तीवर कोरलेले असते. एकाच रेकॉर्डच्या डिस्क गायक, संगीतकार, निर्माता, वितरक, विक्री विभागातला अधिकारी अशा अनेकांना दिल्या जात. गायकाच्या स्वतःच्या प्रतीला सर्वाधिक किंमत येते, म्हणूनच पाटी बदलण्याचा मोहही तिथेच होतो. पाटीखाली जुन्या गोंदाचा डाग किंवा दुसऱ्या आकाराची फिकट चौकट दिसते का, ते पाहावे. सालही महत्त्वाचे. अमेरिकेत १९५८ मध्ये अल्बमला ‘गोल्ड’साठी दहा लाख डॉलरची विक्री लागे, १९७५ पासून पाच लाख प्रतींचीही अट आली, आणि ‘प्लॅटिनम’ तर १९७६ मध्ये सुरू झाले. १९७० साल कोरलेली अमेरिकी प्लॅटिनम डिस्क संघटनेची असूच शकत नाही.

मुंबईचा चोर बाजार असो वा अहमदाबादची रविवारी, विकणाऱ्याला वस्तू कोणाच्या घरातून आली ते विचारावे. समारंभाचे छायाचित्र, कंपनीचे पत्र, वर्तमानपत्राचे कात्रण यांपैकी काही सोबत मिळाले तर दोन पैसे जास्त मोजावेत.

घरी आणल्यावर चौकट बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नये. आपल्या पावसाळ्यात पाठीच्या पुठ्ठ्याला आधी बुरशी येते, मग मुलाम्यावर काळे ठिपके पडतात. मुलामा ब्रासोने घासणे म्हणजे तो उतरवणे. काच तेवढी पुसावी. पुठ्ठा आम्लमुक्त घालून घ्यावा, मात्र जुना फेकू नये. त्याच्या मागे चौकट करणाऱ्याचे लेबल असेल, तर तोही पुरावाच.

(पुढील भागात : एलपीची कव्हरे आणि त्यांचे चित्रकार)