आत्महत्येची बातमी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाण्यातल्या कोलशेत रस्त्यावर आता टोलेजंग गृहसंकुलं उभी आहेत. अशा एखाद्या संकुलात कुणी आत्महत्या केली, तर पंचनामा उरकायच्या आधीच फोटो व्हॉट्सॲपवर फिरू शकतो. अशी बातमी द्यायची कशी, याविषयीचे काही समज तपासून घेऊ.

गैरसमज : बारीकसारीक तपशिलाशिवाय बातमी अपुरी.
वस्तुस्थिती : पद्धत, नेमकी जागा, चिठ्ठीतला मजकूर यांनी वाचक शहाणा होत नाही, आधीच खचलेल्याला मात्र धोका वाढतो. व्हिएन्नात मेट्रोतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्यांना वृत्तपत्रांनी १९८७ मध्ये आवर घातला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तिथल्या अशा घटना झपाट्याने घटल्या.

गैरसमज : कारण एकच असतं.
वस्तुस्थिती : 'नापास झाल्याने जीवन संपवलं' हा मथळा सोपा आहे, पण अर्धवट. नैराश्य, आजारपण, कर्ज, व्यसन, घरातले ताण अशा अनेक गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असतात. शिवाय नापास झालेली इतर मुलंही तो मथळा वाचतात. 'कोलशेतमध्ये विद्यार्थ्याचा मृत्यू. तपास सुरू' एवढंही पुरतं.

गैरसमज : त्यापेक्षा बातमीच देऊ नये.
वस्तुस्थिती : गप्प बसा, असं तज्ज्ञ सांगत नाहीत. मनात आत्महत्येचे विचार येऊनही त्यातून सावरलेल्यांच्या बातम्या उपकारक ठरतात, असं ऑस्ट्रियातल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मदत कुठे मिळते, हेही बातमीतच सांगायला हवं. ठाण्यात तर १९०१ पासून मनोरुग्णालय आहे.

गैरसमज : हे सगळं पत्रकारांच्या मर्जीवर.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या धर्तीवर भारताच्या प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. अभिनेता सुशांतसिंह राजपूत मृत्यू प्रकरणातल्या वार्तांकनाविरुद्धच्या याचिकांवर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी वृत्तवाहिन्यांनाही संयमाची चौकट आखून दिली.

गैरसमज : आपण थोडेच पत्रकार आहोत?
वस्तुस्थिती : सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पुढे ढकलणाराही बातमीच पसरवत असतो. विंग, फ्लॅट, चिठ्ठी यांची चर्चा घरच्यांच्या दुःखावर मीठ चोळते. फोटो आला तर तो पुढे पाठवू नका, ॲडमिनला काढायला सांगा. पाठवायचंच असेल, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक पाठवा. मानसिक आधाराची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.