झायोनिझम म्हणजे काय? आणि कोकणातल्या ज्यूंनी त्याला नकार का दिला होता?

1897 मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरली. तिचं निमंत्रण आपल्याकडच्या बेने इस्रायल समाजालाही आलं होतं. त्यांनी ते नाकारलं. पवित्र भूमीत परत न्यायचं ते देवच नेईल, अशी त्यांची श्रद्धा होती.

झायोनिझम म्हणजे ज्यूंना स्वतःचं राष्ट्र हवं, हा विचार. जेरुसलेमला परतण्याची प्रार्थना खूप जुनी. तिचं राजकारण झालं ते 19व्या शतकातल्या युरोपात. तिथे राष्ट्रवादाची लाट होती आणि 1881 पासून रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले होते. दुसऱ्यांनी हक्क देण्याची वाट पाहू नका, असं लिओन पिन्स्कर या डॉक्टरने 1882 मध्ये मांडलं. 1896 मध्ये व्हिएन्नातला पत्रकार थिओडोर हर्झलची 'ज्यूंचं राज्य' ही पुस्तिका आली. पॅलेस्टाईनमध्ये तेव्हा बहुसंख्य अरब राहत होते. या मांडणीत ते जवळपास दिसतच नाहीत.

आता रायगडचा 'शनिवार तेली' बघा. शनिवारी घाणा बंद ठेवणारा, घरात मराठी बोलणारा, गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव लावणारा. धर्मामुळे त्याच्या घरावर कुणी चालून आलं नव्हतं. मग पळायचं कशापासून?

तरीही 1948 नंतरच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे काही रब्बींनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नं अडवली. मोठं आंदोलन झालं, तेव्हा कुठे 1964 मध्ये इस्रायल सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्य केलं.