चौथ्या मजुराचा पाय

शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेत सी ग्रेड मिळाली आणि माझी चित्रकला तिथेच संपली. चेन्नईत मुलाकडे राहायला आल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. शेजारी एक आर्किटेक्ट. तिची रेघ ठाम, माझी घाबरलेली. पण मास्तरांनी दोघींना एकच स्टूल काढायला दिलं. ‘‘स्टूल नको, पायांमधली रिकामी जागा काढा,’’ म्हणाले. मग हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीवर माप घ्यायचं. उंचीत रुंदी किती वेळा बसते? हळूहळू डोक्यातलं स्टूल पुसलं गेलं आणि समोरचं दिसू लागलं. खोडरबर मात्र त्यांनी काढून घेतला. हे मला अजून पटलेलं नाही.

या शहरात चित्रकला शिकवण्याची परंपरा जुनी. अलेक्झांडर हंटर या डॉक्टरने १८५० मध्ये इथे कलाशाळा काढली. तेच आजचं सरकारी ललित कला महाविद्यालय. तिथले एके काळचे प्राचार्य देवीप्रसाद रॉयचौधुरी यांचं श्रमिकांचं शिल्प मरीनावर आहे, दगड हलवणारे चार मजूर. रविवारी ऊन चढण्याआधी आम्ही तिथे वह्या घेऊन बसतो. माझे तीन मजूर झालेत. चौथ्याचा पाय अजून कागदाबाहेर जातो.