रुमाल, चाकू आणि गोल्फचा स्विंग

गोल्फचा बॉल जागचा हलत नाही. समोर बोलर नाही, मागे विकेटकीपर नाही, कुणाला घाई नाही. तरीही तो सरळ जावा म्हणून बाजारात काठ्या, पट्टे, फुगे, आरसे, कडी आणि रडारसुद्धा विकायला आहेत.

सगळा घोळ वेगाचा आहे. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, वरून निघून बॉलवर आदळायला साधारण पाव सेकंद लागतो. काही दिसून त्यावर हात हलायलाच आपल्याला जवळपास तेवढा वेळ हवा. म्हणजे ‘अरे, कोपर सुटलं’ हे मनात येईपर्यंत बॉल झाडीत पोचलेला असतो. आणि क्लब बॉलला किती वेळ टेकतो? सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. एवढ्यात कोचचं वाक्य आठवायचं तरी कधी! म्हणून सरावाच्या साधनानं उपदेश करायचाच नसतो. चुकलं, की तिथल्या तिथे हाताला कळलं पाहिजे, बस्स.

या कसोटीवर माझा पहिला नंबर जवळपास फुकटच्या साधनाला. अर्नेस्ट जोन्स हे इंग्लंडमधले गोल्फचे प्रोफेशनल. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. परत येऊन ते एका पायावर उभे राहून खेळले, आणि बॉल चक्क चांगला जात होता! मग पाय असे ठेवा, कंबर अशी वळवा, या पाठांतराचा उपयोग काय? जोन्स पुढे न्यूयॉर्कला गेले आणि तिथे चक्क चार भिंतींच्या आत गोल्फ शिकवू लागले. सांगायचं एकच: क्लबचं टोक झुलवा, शरीर त्याच्यामागून येईल. ते पटवायला त्यांच्याकडे होता रुमालाच्या टोकाला बांधलेला खिशातला चाकू. नीट झुलवला, की रुमाल ताणलेला राहतो आणि चाकू सुरेख फिरतो. मध्येच जोर लावून हिसका दिला, की रुमाल ढिला पडतो आणि चाकू भरकटतो. लबाडीला वावच नाही.

जोन्स यांच्या म्हणण्याशी जुळणारा एक प्रयोग पुढे झाला. 1999 मध्ये संशोधक गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांचे दोन गट केले. एकाला सांगितलं, हातांकडे लक्ष द्या; दुसऱ्याला सांगितलं, क्लबकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके जास्त अचूक निघाले.

आज अमेरिकेत गाजलेला ‘ऑरेंज व्हिप’ म्हणजे त्या चाकू-रुमालाचा नातूच. एकेकाळी कॅडी म्हणून काम केलेल्या जिम हॅकेनबर्ग यांनी लवचीक दांड्याच्या टोकाला नारिंगी गोळा बसवला. घाई केली, की दांडा वेडावाकडा हलतो आणि तुमचं बिंग फुटतं. नातू मात्र आजोबांपेक्षा भलताच महाग!

ताल पकडायचा असेल तर जॉन नोव्होसेल यांचा हिशोब ऐका. सेकंदाला 30 चौकटींच्या व्हिडिओवर त्यांनी नामवंत खेळाडूंचे स्विंग मोजले. कुणाचा क्लब वर जायला 27 चौकटी आणि खाली बॉलपर्यंत यायला 9, कुणाचं 24 आणि 8, कुणाचं 21 आणि 7. वेग वेगवेगळा, प्रमाण मात्र तीनास एक. त्यांचं ‘टूर टेम्पो’ हे पुस्तक 2004 मध्ये आलं, आणि कानात ‘टुक… टुक-टुक’ वाजवत सराव करणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. तबलजी शेजारी बसवला असता, तर त्यानं हे आधीच सांगितलं असतं.

जाता जाता एक उलटा नमुना. डॉन ब्रॅडमन लहानपणी घरच्या पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा बॉल आपटायचे आणि उसळून आलेला तो बॉल स्टंपनं मारायचे. क्रिकेटचं सगळ्यात यशस्वी साधन गोल्फच्या दुकानातलं निघालं!

साधन कितीही गुणी असो, ते कुठे वापरायचं याला नियम आहेत. ऑगस्ट 2010, ओरेगॉनमधली महिलांची एलपीजीए स्पर्धा. 50 वर्षांच्या जूली इंकस्टर आघाडीपासून फक्त तीन फटके मागे. दहाव्या होलवर बराच वेळ खोळंबा झाला, म्हणून अंग गरम ठेवायला त्यांनी क्लबवर वजनाचं कडं चढवून हवेत स्विंग केले. टीव्हीसमोर बसलेल्या एका प्रेक्षकानं ते पाहून थेट ईमेल धाडला, आणि बाई स्पर्धेबाहेर! एवढ्या उत्साही प्रेक्षकाला माझा कोपरापासून नमस्कार. गंमत म्हणजे बेसबॉलमध्ये हेच कडं सर्रास चालतं. तिथल्या प्रयोगांत मात्र असं दिसलंय, की त्यानंतर बॅट हलकी वाटते. वेगानं फिरतेच असं नाही.

वेग वाढवायचा तर सध्या वजनं बदलता येणारी काठी जोरात आहे. कॅनडातले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक साशो मॅकेन्झी यांच्या ‘स्टॅक’ नावाच्या अशाच काठीवर मॅट फिट्झपॅट्रिक या खेळाडूनं घाम गाळला. पूर्वी तो अचूक, पण लांब न मारणारा म्हणून ओळखला जायचा. 2022 मध्ये ब्रुकलाइनला त्यानं यूएस ओपन जिंकली. श्रेय सगळं काठीला देऊ नका. ती नियमानं उचलणारा माणूसही लागतो.

आणि स्विंग फार उलगडायलाही जाऊ नये म्हणतात. राल्फ गुल्डाल यांनी 1937 आणि 1938 ची यूएस ओपन जिंकली, 1939 ची मास्टर्सही मारली. मग ‘ग्रूव्ह युवर गोल्फ’ हे शिकवणीचं पुस्तक लिहिलं. 1940 नंतर त्यांना एकही मोठा विजय मिळाला नाही. दोष पुस्तकाचाच, अशी दंतकथा आहे. आरशासमोर उभं राहून ‘मी हे करतो तरी कसं?’ हे पाहायला गेले आणि हातचं घालवून बसले, असं जुने लोक रंगवून सांगतात.

याउलट फिल मिकेल्सनचा आरसा जिवंत होता. लहानपणी तो वडिलांच्या समोर उभा राहून त्यांचा स्विंग जसाच्या तसा उतरवायचा. वडील उजवे, म्हणून समोरचं प्रतिबिंब झालं डावं. डावखुरा म्हणून त्यानं सहा मेजर स्पर्धा जिंकल्या. गोल्फ सोडला, तर हा गृहस्थ उजवाच आहे.