परसातले कीटक: काही समज आणि वस्तुस्थिती

पालघरच्या जुन्या वाड्यांतून आणि बोईसरच्या बैठ्या घरांच्या मागल्या दारी कढीपत्त्याचे एखादे झाड बहुधा असतेच. आणि तरीही तारापूरच्या कारखान्यांच्या सान्निध्यात छायाचित्र घेण्याजोगे कीटक असायचे कुठून, त्यांसाठी जव्हारच्या रानातच गेले पाहिजे, हा समज सुशिक्षित मंडळींतही दृढमूल झालेला आढळतो. वस्तुतः फुलपाखराच्या मादीला अंडी घालण्यासाठी अरण्य लागत नाही. लागते ती तिच्या अळीला मानवणारी विशिष्ट वनस्पती. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन, रस्त्याकडेच्या रुईवर प्लेन टायगर आणि लिंबाच्या कुळातील झाडांवर २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले नीलवंत वाढते. मुंबई इलाख्याच्या मीठ व जकात खात्यातील अंमलदार एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांनी १८८३ साली एक सबंध पुस्तक लिहिले, ते बंगल्याच्या आवारातील जीवजंतूंवरच. आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही ते होते.

कढीपत्त्यावरची अळी दिसताच फवारणीचा पंप काढणाऱ्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी आधी ती जवळून पाहावी. कोवळेपणी ती तपकिरी-पांढरी, चकचकीत, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि याच रूपामुळे भक्षकांच्या नजरेतून निसटते. चार वेळा कात टाकल्यावर ती पानासारखी हिरवी होते, आणि डिवचल्यास मस्तकामागून लाल, दुबेळक्यासारखा, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. केसाळ सुरवंटांपैकी काहींच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते हे खरे, पण म्हणून प्रत्येक अळी खाजरी ठरत नाही. या अळीला दाहक केस नसतात, आणि दोनचार अळ्यांनी पाने कुरतडली तरी वाढलेले झाड पुन्हा फुटते.

फुलपाखराच्या पंखांवरची भुकटी डोळ्यांत गेल्यास आंधळेपण येते, ही भीतीही निराधार आहे. ती भुकटी म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले. मात्र गळालेले खवले पुन्हा उगवत नाहीत, म्हणून पंख चिमटीत धरू नयेत.

कीटक निश्चल व्हावा म्हणून त्याला शीतकपाटात ठेवण्याची जी रीत काही छायाचित्रकार सांगतात, ती क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे; कारण असे छायाचित्र त्या जिवाच्या नैसर्गिक वर्तनाचा दाखला ठरूच शकत नाही. ऊन तापण्यापूर्वी फुलपाखराच्या उड्डाणस्नायूंना पुरेशी ऊब मिळालेली नसते आणि ते पंख पसरून बसते. तोच समय साधावा. भारी कॅमेऱ्यावाचून अडते हाही भ्रमच. इतक्या जवळून घेतलेल्या चित्रात स्पष्टतेचा पट्टा अत्यंत अरुंद असतो, तेव्हा मोबाइल पंखांच्या पातळीला समांतर धरला की बरेचसे काम होते. पंखांची वरची आणि खालची अशी दोन्ही अंगे टिपावीत, आणि तारीख, ठिकाण व वनस्पती यांची नोंद त्याच दिवशी करावी.

कधी कोशातून फुलपाखराऐवजी मुंगीहूनही लहान गांधीलमाश्या बाहेर पडतात. तो रोग नव्हे; त्यांच्या मादीने कोशातच अंडी घातलेली असतात. तेही छायाचित्र तपशिलासह दप्तरी ठेवावे.